शाफ्टचा अर्थिंग संच, नवे ॲनोड आणि पिचचा सेन्सर : २२ महिने वापरून

सुरुवातीलाच सांगतो, यातली एकही वस्तू मी हौसेनं घेतलेली नाही. मी दोन शाफ्टच्या एका वर्कबोटीवर चीफ इंजिनिअर आहे. दोन्ही बाजूंना पिच बदलणारे प्रोपेलर. म्हणजे इंजिन आपलं एकाच वेगानं, एकाच दिशेला फिरत राहतं. पुढे जायचं की मागे आणि किती जोरात, हे पात्यांच्या कोनावर, म्हणजे पिचवर ठरतं. तो कोन हलवतं हायड्रॉलिक तेल आणि तेलाला हुकूम देतो ब्रिजवरचा लिव्हर. एका सकाळी धक्क्याला लागताना कप्तानांनी डावा लिव्हर शून्यावर आणला आणि डावा प्रोपेलर शून्यावर न थांबता सरळ पूर्ण पुढे गेला. त्यांनी इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणून निभावलं. धक्क्याचे दोन फेंडर चेपले, आमचा पुढचा रंग खरवडला, माणसं सगळी सुखरूप.

पुढचे दोन दिवस आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. तेलाची वाट उघडणारे विजेचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलले, फिल्टर बदलले, तेलाचा नमुना तपासायला पाठवला. तिसऱ्या दिवशी ईटीओनं, म्हणजे बोटीच्या विद्युत अधिकाऱ्यानं, शाफ्टशेजारचा जंक्शन बॉक्स उघडला, पिचच्या फीडबॅकची (पाती प्रत्यक्ष कुठे आहेत ते कळवणारी) वायर दोन बोटांत धरून हलकीच ओढली आणि ती त्याच्या हातातच आली. बाहेरचं प्लास्टिक नवंकोरं, आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. "साहेब, हे बघा," एवढंच तो म्हणाला.

जुन्या यंत्रणेत फीडबॅक ० ते १० व्होल्ट असा यायचा. ० म्हणजे पूर्ण मागे, ५ म्हणजे मधोमध, १० म्हणजे पूर्ण पुढे. वायर तुटली की व्होल्टेज शून्य, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी पाती पूर्ण मागे. हुकूम आहे मधोमध आणायचा. मग तो बिचारा इमानेइतबारे पाती पुढे ढकलतो, फीडबॅक हलत नाही म्हणून आणखी ढकलतो, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत. व्हॉल्व्ह, पंप, कंट्रोलर सगळे ठणठणीत होते. बातमी तेवढी खोटी होती.

दोन महिन्यांनी ड्राय डॉक लागला, म्हणजे बोट दुरुस्तीला पाण्याबाहेर घेतली. उजव्या शाफ्टचं मधलं बेअरिंग उघडलं तर व्हाइट मेटलवर (बेअरिंगच्या आतल्या मऊ धातूच्या अस्तरावर) बारीक टाचणीनं टोचल्यासारखी दाणेदार, राखाडी छटा. स्टर्नच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाच्या, पत्र्यावर प्रोपेलरच्या अगदी समोर, जिथे रंगाचा टवका उडाला होता, तिथे बोटाचं टोक मावेल एवढे खड्डे. आणि शेजारचे ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः गंजून त्याला वाचवणारे धातूचे ठोकळे? जवळजवळ जसेच्या तसे. मालकांचे सुपरिंटेंडंट खूश झाले, म्हणाले, "वा, अजून वर्षभर चालतील." ॲनोडचं काम खाल्लं जाण्याचं आहे. खाऱ्या पाण्यात वर्षभर राहूनही तो गुटगुटीत असेल, तर तो कामावर आलेलाच नाही.

गंज हे फिटर-रंगाऱ्याचं खातं आणि कंट्रोल हे ईटीओचं, असं मी इतकी वर्षं मानत आलो होतो. त्या डॉकमध्ये दोन्हीकडचं दुखणं एकच निघालं : धातूनं धातूचा हात सोडला होता. वायरनं टर्मिनलचा, शाफ्टनं हलचा (बोटीच्या धडाचा), ॲनोडनं पत्र्याचा. त्याच नजरेनं मी तीन गोष्टी घेतल्या आणि त्याच नजरेनं आज त्यांच्याबद्दल लिहितोय. दोन्ही शाफ्टना अर्थिंगचा संच, स्टर्नला ॲल्युमिनियमचे ॲनोड, आणि पिचचा बिनसंपर्काचा सेन्सर, सोबत बॅकअप पॅनेल. बनवणाऱ्यांची नावं देत नाही, कारण काही तक्रारी बसवणाऱ्यांच्या आहेत आणि कोणाचं माप कोणाच्या पदरात जाऊ नये.

पहिल्यांदा अर्थिंगचा संच, कारण तोच सगळ्यात साधा आणि तोच सगळ्यात जास्त आवडलेला. शाफ्ट उभा असतो तेव्हा बेअरिंगवर टेकलेला असतो, धातूला धातू लागलेला असतो. फिरायला लागला की मध्ये तेलाचा थर येतो आणि शाफ्ट विजेच्या दृष्टीनं बोटीपासून तुटतो. तिकडे पाण्यात प्रोपेलर, ब्रॉन्झचा, उघडा, सतत ताज्या, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यात घुसळणारा; करंटची भूक भागत नाही असा गडी. हलवरचे ॲनोड त्याला द्यायला तयार, पण वाटेत तेलाचा थर. मग मधूनच कुठेतरी थर फाटतो, ठिणगी उडते आणि बेअरिंगवर टाचणीचा ठिपका उमटतो. मी वर सांगितलेली राखाडी छटा म्हणजे असे लाखभर ठिपके.

संचात काय येतं? शाफ्टवर आवळायचा दोन अर्ध्या भागांचा पट्टा, त्यावर चांदीचा पातळ थर. त्यावर टेकणारे चांदी-ग्रॅफाइटचे दोन ब्रश, ते जाड केबलनं हलला जोडलेले. आणि तिसरा, एकटा वेगळा ब्रश, फक्त मोजायला. त्याची वायर मिलिव्होल्ट मीटरला जाते. शाफ्ट आणि हल यांच्यातला फरक ५० मिलिव्होल्टच्या आत राहिला पाहिजे, हा इंजिनवाल्यांकडे सर्रास वापरला जाणारा आकडा. साधा तांब्याचा पट्टा लावून भागत नाही. तांब्यावर काळा थर चढतो आणि तो एवढ्याशा व्होल्टेजला पुरेसा अडसर ठरतो. जुना संच तसाच होता, पट्टा तांब्याचा आणि ब्रश साध्या कार्बनचे. कागदोपत्री अर्थिंग आहे, प्रत्यक्षात नुसती शोभा.

नव्या संचावर पहिल्या आठवड्यात डावीकडे १२ आणि उजवीकडे १५ मिलिव्होल्ट. छान. मग एक दिवस उजवीकडे ०. मोटरमननं लॉगमध्ये मोठ्या कौतुकानं शून्य लिहिलं. मला खटकलं. फिरत्या शाफ्टवर तंतोतंत शून्य येतं कसं? खाली जाऊन बघितलं तर मोजायचा ब्रश होल्डरमध्ये तिरका अडकून पट्ट्यापासून कागदाच्या जाडीइतका वर राहिलेला. मीटरला काही लागलंच नव्हतं, तो कसली गंमत सांगणार. तेव्हापासून आमचा नियम असा : आठवड्यातून एकदा दोन्ही अर्थिंगचे ब्रश क्षणभर उचलायचे. मीटर उसळून शंभर-दोनशेच्या वर गेला पाहिजे. गेला तर मीटर जिवंत. ब्रश सोडले की पुन्हा दहा-पंधरावर यायला हवा. ही तपासणी माहितीपत्रकात कुठेतरी तळटीपेत आहे. ती मीटरच्या दारावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

पट्ट्याबद्दल तक्रार एकच. दोन अर्धे भाग जिथे जुळतात ती फट मी बसवताना नखानं चाचपली, तर नख अडकत होतं. म्हणजे प्रत्येक फेरीला ब्रश तिथे टकटकणार. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला दाखवलं तर "चालतं हो, घासून बसेल," म्हणाला. घासून बसलं ते ब्रशचं टोक. आम्ही पट्टा सैल करून, फट जुळवून पुन्हा आवळला, तेव्हा आवाज गेला. हे काम शाफ्ट थंड आणि कोरडा असताना अर्ध्या तासाचं आहे. समुद्रात असताना करायला गेलात तर अंगावर येईल.

आणि तेल. एका पंधरवड्यात डाव्या बाजूचा आकडा हळूहळू १२ वरून ७० वर गेला. शेजारच्या बेअरिंगचं सील पाझरत होतं आणि तेलाचे बारीक तुषार पट्ट्यावर येऊन बसत होते. चिंधीनं पुसलं की १४, दोन दिवसांनी पुन्हा ४०. शेवटी फिटरनं मध्ये पत्र्याचा एक साधा आडोसा ठोकला. त्याला काही नक्षी नाही, पण सगळ्या संचात मला सगळ्यात समाधान देणारी वस्तू तीच.

मीटरचं पॅनेल मुळात शाफ्टजवळ, फ्लोअर प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात लावलं होतं. गुडघे टेकून, टॉर्च मारून वाचायचं. तिथला आकडा दोन दिवसांच्या वर कोणी वाचणार नाही. मी केबल वाढवून ते कंट्रोल रूममध्ये, चहाचा मग ठेवतो त्याच्या अगदी वर लावून घेतलं. आता न बघायचं ठरवलं तरी दिसतं.

आता ॲनोड. जस्त की ॲल्युमिनियम यावर इंजिन रूममध्ये जेवढे वाद होतात तेवढे निवडणुकीवर होत नसतील. हिशेब सरळ आहे. एक किलो जस्त साधारण ७८० अँपिअर-तास देतं, एक किलो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू २५०० च्या आसपास. १० किलोच्या तुकड्यातून सतत १ अँपिअर ओढला, तर जस्त कागदावर ३२५ दिवस पुरतं आणि ॲल्युमिनियम हजाराच्या वर. प्रत्यक्षात शेवटचा तुकडा गाभ्यावरून गळून पडतो, त्यामुळे दोन्हीकडे थोडं कमी धरा. शिवाय आमची बोट अधूनमधून नदीच्या मुखाशी निमखाऱ्या पाण्यात उभी असते. तिथे जस्तावर कडक साल चढते आणि परत खाऱ्या पाण्यात आल्यावरही ते झोपेतून उठत नाही. ॲल्युमिनियम तिथे बरं वागतं. मात्र हे साधं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात जस्त आणि किंचित इंडियम हा धातू असतो. साध्या ॲल्युमिनियमवर स्वतःचाच पातळ थर चढतो आणि ते गप्प बसतं. कोणी स्वस्तातला 'ॲल्युमिनियम ब्लॉक' देऊ लागला तर मिश्रणाचं प्रमाणपत्र मागा. मॅग्नेशियम गोड्या पाण्यात ठीक, समुद्रात रंगवलेल्या पत्र्याशेजारी नको. जोर इतका की रंगच सुटायला लागतो.

माल उत्तम. बसवणं? डॉकमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर रंगारी ॲनोडवर दुसरा हात मारत होता. पहिला आदल्या संध्याकाळीच झाला होता. मी ओरडलो तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की एवढा छान रंग देतोय आणि हे काय चिडतायत. चूक त्याची नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चार जणांना तारेचे ब्रश देऊन अख्खी सकाळ ते खरवडण्यात गेली. तुमच्या डॉकच्या आधी प्रत्येक ॲनोडला जाड कागद चिकटवून घ्या आणि बोट पाण्यात जायच्या तासभर आधी स्वतःच्या हातानं काढा.

दुसरी गोष्ट, बोल्टनं बसवायचे की वेल्ड करायचे. बोल्टचे बदलायला सोपे, म्हणून जुने तसे होते. ते काढले तेव्हा प्रत्येकाच्या मागे, ॲनोड आणि पत्रा यांच्या मध्ये, गंजाची पापडी. मल्टिमीटरनं पाहिलं तर काहींचा पत्र्याशी संबंधच उरलेला नाही. ते गुटगुटीत का होते ते तेव्हा कळलं. यावेळी गाभ्याची लोखंडी पट्टी थेट वेल्ड केली. रडरचाही (सुकाणूचाही) विषय इथेच सांगून टाकतो. रडरला हलशी जोडणारी विणीची लवचिक पट्टी असते. आमच्या एका पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या होत्या. बदलली.

परिणाम मोजायची पद्धत स्वस्त आहे आणि कोणी करत नाही. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स सेल (तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणारा) दोरीनं स्टर्नच्या बाजूला पाण्यात सोडायचा, दुसरी वायर स्वच्छ उघड्या पत्र्याला, आणि मल्टिमीटर. लोखंड सुरक्षित असेल तर आकडा -८०० मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे आणखी उणे हवा. डॉकआधी आमचा होता -६८०, म्हणजे उघडं लोखंड स्वतःच्या नशिबावर. डॉकनंतर महिन्यानं -९७०. मागच्या आठवड्यात -९१०. पाणबुड्यानं काढलेल्या फोटोंवरून ॲनोड तीस-पस्तीस टक्के खाल्ले गेलेत, सगळे, सारखे. निम्म्यावर आले की बदलायचे. अंगावर खड्डे पडलेले, ओबडधोबड, कुरूप ॲनोड बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

एक तोटा मात्र कोणी आधी सांगितला नाही. प्रोपेलर पांढरे पडले. आधी ब्रॉन्झ पिवळा दिसायचा, आता त्यावर चुन्यासारखी पातळ साय, आणि बोट तीन आठवडे उभी राहिली की पात्यांच्या मुळाशी बार्नेकल, चिकटून बसणारे कवचाचे जीव. मला वाटलं काही तरी चुकलं. नाही, हे अर्थिंग नीट काम करत असल्याचं लक्षण आहे. प्रोपेलरला आता करंट मिळतो, त्याच्यावर पाण्यातले क्षार बसतात, आणि तांबं पाण्यात विरघळायचं थांबल्यामुळे जिवांना ते विषारी लागत नाही.

हा धडा चांगलाच जुना आहे. ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले. दोन वर्षांनी बघतात तर तांबं शाबूत आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेलेले; जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद राहून गेला होता तिथले खिळे मात्र वाचले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी उलटा डाव टाकला, तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याचं झिजणं थांबलं, शास्त्र जिंकलं, आणि तळावर शेवाळ-शिंपल्यांची बाग उगवून जहाजं मंदावली. नौदलानं ते तुकडे काढून टाकले. आमच्याकडे त्याचं उत्तर एवढंच, की बोट उभी असेल तेव्हा आठवड्याला एकदा प्रोपेलर थोडा वेळ फिरवायचे, आणि पाणबुडा आला की पाती पुसून घ्यायची. ब्रश काढून ठेवा असा सल्ला एका सेकंड इंजिनिअरनं दिला होता. त्याला मी ते बेअरिंग दाखवलं.

तिसरी वस्तू पिचचा सेन्सर. जुन्यात पोटेन्शिओमीटर होता, कार्बनच्या पट्टीवर सरकणारा एक काटा. अशा पोटेन्शिओमीटरचा शेवट ठरलेला असतो. बोट दिवसाचे दहा तास एकाच पिचवर चालते, इंजिनच्या थरथरीनं काटा त्याच एका मिलिमीटरवर घासत राहतो आणि नेमकी तेवढीच जागा झिजते. मग नेहमीच्या वेगाला पिच आपोआप अस्वस्थ होते, सोलेनॉइड टिक-टिक करत राहतो, आणि वेग जरा बदलला की सगळं शांत. आमच्याकडे ही टिक-टिक वर्षभर चालू होती. आम्हाला तिची सवय झाली होती, हे लिहितानाही लाज वाटते.

नवीन सेन्सर चुंबकाचा, काही घासत नाही. सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर : ४ पूर्ण मागे, १२ मधोमध, २० पूर्ण पुढे. फरक आकड्यांचा नाही, अर्थाचा आहे. खराखुरा सिग्नल कधीच शून्य नसतो. वायर तुटली, हिरवी पडली, ढिली झाली, की करंट ३.६ च्या खाली जातो आणि यंत्रणा म्हणते, ही पिच नव्हे, हा बिघाड आहे. दोन सेन्सर वेगवेगळ्या केबलनं येतात. दोघांचं जमलं नाही तर अलार्म. आम्ही समुद्रात, मोकळ्या पाण्यात, कप्तानांना सांगून एकेक वायर मुद्दाम उपसली. अलार्म लगेच वाजला आणि पिच होती तिथेच थांबली. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही रिमोट कंट्रोल बंद पडला तर, शक्य असेल तिथे, आधीचा वेग आणि दिशा तशीच राहावी आणि मग स्थानिक नियंत्रणानं काम हाती घ्यावं, अशीच अपेक्षा आहे. या बाबतीत मालाला पैकीच्या पैकी.

पण सेन्सरसोबत आलेला जंक्शन बॉक्स? त्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) असं ठसठशीत छापलंय आणि खरंच, बंद असताना पाईपनं पाणी मारा, आत जाणार नाही. बसवणाऱ्यानं मात्र केबल सोयीची म्हणून वरच्या बाजूला भोक पाडून ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) घातला. केबलवरून ओघळणारं पाणी सरळ ग्लँडच्या माथ्यावर. शिवाय इतका घट्ट बॉक्स दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि ग्लँडमधून खारी, दमट हवा आत ओढतो. चौथ्या महिन्यात उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला दवबिंदू. आम्ही बॉक्स उलटा फिरवला, ग्लँड खाली, केबलला बॉक्सच्या आधी खाली झोळ, तळाला छोटा ब्रीदर, म्हणजे हवेला वाट. वायरी कथिल चढवलेल्या तांब्याच्या मागवल्या, टोकाला फेरूल (धातूची बारीक टोपी), आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायची. ओढून बघताना दोन वायरी निसटल्या. स्क्रूनं तांब्याऐवजी प्लास्टिक पकडलं होतं. मल्टिमीटरवर दोन्ही उत्तम दाखवत होत्या.

हे फार बारकाईनं सांगतोय असं वाटत असेल तर डाली हे मालवाहू जहाज आठवा. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये जहाजावरची वीज गेली, प्रोपल्शन गेलं, जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पहिल्या ब्लॅकआउटच्या मुळाशी निघाली एक ढिली वायर. वायरवर चढवलेल्या नावाच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. एवढ्या मोठ्या जहाजाची गोष्ट एवढ्याशा लेबलवर येऊन थांबते. तो अहवाल वाचून मी आमच्या बॉक्समधली सगळी लेबलं दोन बोटं मागे सरकवायला लावली.

बॅकअप पॅनेलबद्दल मी सगळ्यात कडवट आहे. कल्पना चांगली : मुख्य कंट्रोलर गेला तर ब्रिजवरची दोन बटणं थेट सोलेनॉइडला वीज देतात, फीडबॅक नाही, संगणक नाही, दाबलंत की पाती हलतात, सोडलंत की थांबतात. आराखड्यात दोन्हींचा २४ व्होल्टचा पुरवठा वेगळा दाखवलेला. चाचणीच्या कागदावर सही करायच्या आधी मी मुख्य कंट्रोलरचा फ्यूज स्वतः काढला. कंट्रोलर बंद. बटण दाबलं. काही नाही. दोन्ही एकाच फ्यूजवर जोडलेले होते. जवळची म्हणून तिथूनच वायर घेतली, असं उत्तर मिळालं. छत्री घ्यायची आणि तिला भोक पाडायचं, त्यातली गत. दुसऱ्या बॅटरीवरून वेगळी केबल ओढून घेतली आणि मगच सही केली. आता दर महिन्याला फ्यूज काढून, बटणांवर पिच दोन्ही बाजूंना हलवून बघतो. ब्रिजवरच्या मंडळींनाही दाबायला लावतो. पहिल्यांदा कप्तानांनी डाव्याऐवजी उजवं बटण दाबलं, कारण बटणांवरची अक्षरं रात्री दिसतच नाहीत. चमकणारी पट्टी आम्हीच चिकटवली.

सेवेबद्दल थोडक्यात. फोनवर मदत चांगली, माणूस यायला वेळ लागतो. माहितीपत्रक मोठ्या, एका शाफ्टच्या जहाजासाठी लिहिलेलं. दोन शाफ्टवाल्यांनी आपलं आपण समजून घ्यायचं. आणि कृपया, वेल्डिंग करताना मशीनचा अर्थ शाफ्टच्या पलीकडे लावू नका, असं एक वाक्य त्यात हवंच होतं. डॉकमध्ये आमच्याकडे कोणीतरी तसा लावला होता, वेल्डिंग चालू होतं स्टर्नला आणि क्लँप अडकवला होता गिअरबॉक्सच्या पायाला. म्हणजे करंट बेअरिंगमधून जायचा धोका. वेळेत दिसलं म्हणून बरं.

पुन्हा घेईन का? अर्थिंगचा संच डोळे झाकून, फक्त पट्ट्याची फट डोळे उघडून तपासेन. ॲनोड हेच, याच मिश्रणाचे. सेन्सर घेईन, सोबतचा बॉक्स घेणार नाही, माझा मी निवडेन. बॅकअप पॅनेल घ्यायलाच हवं, पण फ्यूज काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्रश २५ मिलिमीटरचे होते, आज सकाळी मोजले तर डावे १६, उजवे १४. दहाच्या खाली गेले की बदलायचे. सुटे ब्रश मागवून पाच आठवडे झाले, अजून आलेले नाहीत.